रिमॅप: लॅपटॉप लावून वाढवलेली ताकद इंजिनाच्या कोणत्या खात्यातून जाते

एक लिटरचं, तीन सिलिंडरचं इवलंसं इंजिन आज शंभराच्या वर अश्वशक्ती देतं. ही किमया टर्बोची. छोट्या गाड्यांमध्ये टर्बो आला आणि त्याच्या मागोमाग ‘रिमॅप’ची जाहिरातही आली: गाडी आणा, तासाभरात २५ टक्के ताकद वाढवून न्या, एकही पार्ट बदलायला नको, वर मायलेजही सुधारेल. ऐकणारा बुचकळ्यात पडतो, कारण अनुभव सांगणारे दोन्ही बाजूंना भेटतात. एक म्हणतो, ऐंशी हजार किलोमीटर झाले, गाडी मस्त आहे. दुसऱ्याचा पिस्टन सहा महिन्यांत तडकलेला असतो. दोघंही खरं बोलत असतात, आणि असं का होतं हेच इथे उलगडायचं आहे.

## भाता आणि निखारे

एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. त्यामुळे इंजिनाची ताकद पेट्रोलावर नाही, हवेवर अडलेली असते. पेट्रोल जास्त सोडणं सोपं आहे. हवा आणायची कुठून हा प्रश्न. साधं इंजिन स्वतःच्या दमाने हवा ओढतं. टर्बोवाल्या इंजिनात ती कोंबली जाते, लोहार भात्याने निखाऱ्यांवर हवा मारतो तशी. भाता चालवतो तो सायलेन्सरकडे निघालेला तापलेला धूर. हा धूर एका पंख्यावर आदळतो, पंखा फिरतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठवतो. कल्पना तशी जुनी. आल्फ्रेड ब्युशी या स्विस अभियंत्याने तिचं पेटंट १९०५ साली घेतलं.

वातावरणाच्या दाबावर टर्बो जो जादा दाब चढवतो, त्याला बूस्ट म्हणतात. वातावरणाचा दाब साधारण १ बार असतो. त्यावर १ बार बूस्ट म्हणजे इंजिनाच्या तोंडाशी दुप्पट दाबाची हवा. तेवढ्यासाठी छोट्या गाडीतला टर्बो मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या आसपास फिरतो, म्हणजे सेकंदाला तीन हजारांहून जास्त. आणि हा दांडा बहुतेक टर्बोंमध्ये तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असतो. हा थर लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

सायकलच्या पंपाने जोरात हवा भरली की पंपाचं तोंड हाताला चटका देतं. दाबली की हवा तापतेच. २५ अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबावर नेली की ती ११५-१२० अंशांवर जाते. तिला गार करायला मध्ये इंटरकूलर नावाचा, रेडिएटरसारखा दिसणारा भाग बसवलेला असतो. तो लहान असेल किंवा पुढून वारा लागत नसेल, तर तापलेलीच हवा आत जाते आणि तिथून अडचणींची सुरुवात होते.

## रिमॅप म्हणजे नेमकं काय बदलतात

किती बूस्ट, किती इंधन, ठिणगी कधी हे सगळं ईसीयू हा इंजिनाचा संगणक ठरवतो. त्याच्या मेमरीत आकड्यांचे तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या), दुसऱ्या बाजूला इंजिनावरचा भार, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. या तक्त्यांना मॅप म्हणतात. आकडे बदलून तक्ता परत भरला की झाला रिमॅप.

यातला सगळ्यात नाजूक तक्ता ठिणगीच्या वेळेचा. लहान मुलाला झोका देताना आपण झोका मागे येऊन थांबला, परत निघाला की ढकलतो. त्या क्षणी दिलेला हलका धक्काही झोका उंच नेतो. झोका अजून आपल्याकडे येत असतानाच हात लावला, तर झोका वाढत नाहीच, उलट मनगटाला हिसका बसतो. पिस्टनचं तसंच आहे. ठिणगी पिस्टन वर पोचण्याच्या थोडी आधी पडते, कारण मिश्रण पेटून दाब वाढायला वेळ लागतो. वेळ बरोबर साधली तर जास्तीत जास्त दाब पिस्टन खाली निघाल्यावर येतो. ठिणगी फारच लवकर पडली, तर तो दाब वर येणाऱ्या पिस्टनला सामोरा जातो आणि हिसका पिस्टन, त्याला जोडलेला रॉड, बेअरिंग सगळ्यांना बसतो.

रिमॅप करून देणारी ट्यूनर मंडळी ‘स्टेज’ची भाषा वापरतात. ढोबळमानाने स्टेज १ म्हणजे फक्त सॉफ्टवेअर. स्टेज २ म्हणजे त्यासोबत मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा पहिला पाइप), मोठा इंटरकूलर, वेगळा एअर फिल्टर. स्टेज ३ म्हणजे टर्बोच मोठा, आणि ओघाने इंजेक्टर, पंपही. पण याची कुठलीही अधिकृत व्याख्या नाही. एकाचं स्टेज १ दुसऱ्याच्या स्टेज २ इतकं आक्रमक असू शकतं. म्हणून स्टेज विचारण्यापेक्षा टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या पिळाचा, न्यूटन-मीटरमधला आकडा विचारावा, आणि तो कोणत्या आरपीएमला आहे तेही.

टर्बो नसलेल्या गाडीत नुसत्या सॉफ्टवेअरने हाती फारसं लागत नाही, कारण हवा तेवढीच राहते. टर्बोत हवाच वाढवता येते, म्हणून २०-३० टक्क्यांचे दावे तिथे खोटे नसतात.

## एवढी ताकद शिल्लक होती, तर कंपनीने दिली का नाही?

हा सगळ्यात रास्त प्रश्न. त्याचं एक उत्तर खरंच धंद्याचं आहे. एकच इंजिन दोन-तीन ताकदींत विकायचं, वरच्या मॉडेलला जास्त द्यायची. पण वरच्या मॉडेलमध्ये फक्त सॉफ्टवेअर वेगळं असतं हा समज अनेकदा चुकतो. फोक्सवॅगनच्या दोन लिटर टर्बो इंजिनाचंच बघा. सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयला एक टर्बो होता, गोल्फ आरला त्याहून मोठा. इतरत्र पिस्टन, एक्झॉस्ट वॉल्व्ह, इंजेक्टर, रेडिएटर यांतही फरक निघतो. बाहेरून इंजिन तेच दिसतं, म्हणून तेवढंच सोसेल असं धरून चालता येत नाही.

दुसरं उत्तर महत्त्वाचं. कंपनी गाडी सगळ्यात वाईट दिवसासाठी बनवते. कडक ऊन, गाडीत पाच माणसं आणि सामान, लांबलचक चढ, एसी सुरू, टाकीत हलक्या प्रतीचं पेट्रोल, आणि ऑइल बदलायला दोन हजार किलोमीटर उशीर झालेला. त्यात उंचीची भर घाला. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरवर हवेचा दाब ०.८ बारच्या आसपास उतरतो. इंजिनाला एकूण २ बार हवं असेल, तर खाली टर्बोला हवा दुप्पट दाबावी लागते, तिथे वर अडीच पट. म्हणजे एकूण दाब तेवढाच दिसत असला तरी टर्बो बराच जास्त वेगाने फिरतोय. अशा दिवशीही इंजिन टिकावं म्हणून ठेवलेली ही गंगाजळी आहे. रिमॅप नवी ताकद निर्माण करत नाही, ही गंगाजळी मोडून रोजच्या खर्चाला देतो.

म्हणूनच ते दोन अनुभव. ऐंशी हजार किलोमीटर चालवणाऱ्यावर तो वाईट दिवस आलाच नाही, किंवा त्याच्या ट्यूनरने थोडी शिल्लक राखली होती. दुसऱ्याची शिल्लक शून्य होती आणि दिवस उगवला.

## नॉकिंग: ठिणगीशिवाय पेटणारं पेट्रोल

ठिणगी पडली की ज्योत सिलिंडरभर पसरत जाते. ती कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच तिथलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकलं, तर सिलिंडरमध्ये दाबाच्या लाटा आपटतात. लोखंडावर हातोडी मारल्यासारखा बारीक टकटक आवाज येतो. हेच नॉकिंग. पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे असं न भडकण्याची त्याची क्षमता. ९१ पेक्षा ९५ बरं, ९५ पेक्षा ९८. बूस्ट वाढवलं, आतली हवा तापलेली असली, ठिणगी आधी आणली किंवा ऑक्टेन कमी पडला, तर चारही गोष्टी नॉकिंगकडेच नेतात. रिमॅपमध्ये यातल्या किमान दोन मुद्दाम केलेल्या असतात.

टर्बो गाड्यांचा सगळा इतिहासच या एका दुखण्याभोवती फिरतो. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही सुरुवातीच्या टर्बो गाड्यांपैकी एक आली. नॉकिंग रोखायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायची वेगळी टाकी होती. टाकी रिकामी झाली की एक झडप बूस्ट कापायची. लोक टाकी भरायला विसरायचे आणि गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करायचे. पुढे कंपनीला अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यावा लागला. खरा तोडगा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला साब या स्वीडिश कंपनीने आणला. इंजिनाला कान लावून बसणारा नॉक सेन्सर, आणि त्याने ऐकलं की बूस्ट कमी करणारा संगणक.

नॉकिंगची साक्ष स्पार्क प्लग देतो. ट्यून केलेल्या गाडीचे प्लग काढून, भिंग आणि चांगला उजेड घेऊन मधल्या पांढऱ्या चिनीमातीकडे बघा. ती स्वच्छ, फिकट तपकिरी असेल तर ठीक. तिच्यावर मिरपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंग सुरू आहे. आणि त्यांत चकाकणारे बारीक, राखाडी गोळे दिसले, तर ते पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे आहेत. पिस्टन झिजायला लागलाय. त्या गाडीत पुन्हा पाय दाबायचा नाही.

## ‘पण नॉक सेन्सर सांभाळून घेतोच की’

घेतो, पण उशिरा. नॉक सेन्सर इंजिनाच्या ब्लॉकवर बोल्टने बसवलेला असतो आणि नॉकिंग झाल्यावर ते ऐकतो, मग ईसीयू पुढची ठिणगी दोन-तीन अंश मागे ढकलतो. मूळ मॅपवर हा प्रसंग क्वचित येतो. आक्रमक मॅपवर ईसीयू सतत मागे ढकलतो, थोडं पुढे आणतो, पुन्हा ढकलतो. म्हणजे प्रत्येक जोरदार पिकअपला पिस्टन चार-दोन हातोड्या खाणारच. काही ट्यूनर तर सेन्सरची संवेदनशीलताच कमी करून ठेवतात. गाडी जोरात पळते, आलेखावर आकडा सुंदर दिसतो आणि पहारेकरी झोपवलेला असतो. कोणी असं करतो असं कळलं, तर तिथून गाडी बाहेर काढावी. यात दुसरं मत असू नये.

आणि एक प्रकार असा आहे जिथे सेन्सर काही करूच शकत नाही.

## खरी भानगड २,५०० आरपीएमच्या खाली

लोक अश्वशक्तीचा आकडा विचारतात. इंजिन बहुतेक वेळा टॉर्कने मोडतं.

टॉर्क म्हणजे क्रँकला (पिस्टनची वर-खाली चाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याला) बसणारा पिळ, न्यूटन-मीटरमध्ये. ताकद म्हणजे तो पिळ मिनिटाला किती वेळा बसतो त्याचा हिशोब. टॉर्कला आरपीएमने गुणायचं, ९,५४९ ने भागायचं, की किलोवॅट मिळतात. २५० न्यूटन-मीटर २,००० आरपीएमला असतील तर उत्तर ५२ किलोवॅट, म्हणजे सुमारे ७१ अश्वशक्ती. तेच २५० न्यूटन-मीटर ५,५०० आरपीएमला असतील तर १४४ किलोवॅट, १९६ अश्वशक्ती. दोन्ही ठिकाणी एकेका स्फोटाचा दणका जवळपास सारखाच. फरक एवढाच की खालच्या आरपीएमला पिस्टन सावकाश सरकतो, त्यामुळे तो दाब जास्त वेळ अंगावर राहतो, बेअरिंगमधल्या तेलाच्या थराला आणि कनेक्टिंग रॉडला सावरायला फुरसत मिळत नाही. ८० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर १०० बारचा दाब म्हणजे पाच टनांहून जास्त भार. हा भार बोटभर जाडीच्या रॉडवर येतो. टॉर्क प्रमाणाबाहेर गेला की रॉड आधी किंचित वाकतो, नंतर तुटतो, आणि तुटलेला रॉड ब्लॉकला भोक पाडूनच बाहेर येतो.

त्यातच थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या टर्बो इंजिनांचा एक खास आजार आहे: कमी आरपीएमवरचं पूर्वज्वलन. साधारण १,५०० ते २,५०० आरपीएमला, वरच्या गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबलेला असताना सिलिंडरच्या भिंतीवरचा तेल-पेट्रोल मिसळलेला थेंब उडतो आणि ठिणगी पडायच्या आधीच पेटतो. पुढे सगळं मिश्रण भडकतं, आणि दाब नेहमीच्या दुपटीवर जाऊ शकतो. ठिणगीच्या आधीच आग लागली, मग ठिणगी मागे ढकलून उपयोग काय? अशा दोन-चार फटक्यांत पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटते. हा धोका इतका खरा आहे की ऑइलच्या मानकांतच त्याची चाचणी आली. एपीआय या अमेरिकी संस्थेचं एसएन प्लस हे मानक २०१८ मध्ये आलं, एसपी २०२० मध्ये. ऑइलमधल्या कॅल्शियमयुक्त घटकांचा या आजाराशी संबंध आहे, म्हणून नव्या ऑइलमध्ये त्यांच्याऐवजी मॅग्नेशियमचा वापर वाढला. ट्यून केलेल्या पेट्रोल टर्बोत एसपीपेक्षा जुन्या दर्जाचं ऑइल घालू नये.

आता रिमॅपच्या जाहिरातीतला टॉर्कचा आलेख बघा. रेघ १,६०० आरपीएमपासून भिंतीसारखी सरळ वर चढते. पहिल्या फेरीत गिऱ्हाईक खूश होतं ते याच भिंतीमुळे: पाय टेकवला की पाठ सीटला चिकटते. जाणता ट्यूनर हीच रेघ ३,००० आरपीएमपर्यंत तिरकी, हळूहळू चढवतो आणि वाढ वरच्या आरपीएमला देतो. गाडी पहिल्या फेरीत कमी थरारक वाटते, घड्याळावर जवळपास तेवढीच जलद असते आणि रॉड शाबूत राहतात. दोन ट्यूनरमध्ये निवड करायची असेल तर दुसरं काही न बघता हा एक आलेख बघितला तरी पुष्कळ कळतं.

चालकाच्या हातातही थोडं आहे. चढावर पाचव्या गिअरमध्ये १,५०० वर गाडी रेटू नये, गिअर उतरवावा. ट्यून केलेल्या गाडीला आरपीएमची भीती कमी, आळशी गिअरची जास्त.

## गिअरबॉक्सला खोटा हिशोब

आजकालची गाडी ‘पाय किती दाबला’ याचं भाषांतर आधी टॉर्कच्या मागणीत करते आणि मग इंजिन व गिअरबॉक्स दोघांना कळवते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्या आकड्यावरून ठरवतो की क्लच किती घट्ट आवळायचा. घाईचा ट्यूनर मर्यादा चुकवायला हा हिशोबच खोटा करतो. ईसीयू सांगतो २५० न्यूटन-मीटर, प्रत्यक्षात येतात ३२०. क्लच २५० च्या हिशोबाने आवळलेला; तो घसरतो, जळतो, आणि त्याचा चुरा ऑइलमध्ये फिरतो.

काही गिअरबॉक्सची मर्यादा जगजाहीर आहे. फोक्सवॅगन समूहाचा सात गिअरचा कोरड्या क्लचचा डीक्यू२०० हा २५० न्यूटन-मीटरसाठी बनवलाय, सहा गिअरचा ओल्या क्लचचा डीक्यू२५० हा ३५० साठी. २५० च्या गिअरबॉक्समागे ३०० चा रिमॅप विकणाऱ्याला विचारायचं, की गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर बदलणार आहात का आणि क्लचचं काय. उत्तर ‘काही होत नाही’ असं आलं, तर उत्तर मिळालं.

मॅन्युअल गाडीत घरच्या घरी चाचणी होते. मोकळ्या सरळ रस्त्यावर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून पाय पूर्ण दाबा. काटा उसळला आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय.

## टर्बो स्वतः, आणि तो तेलाचा थर

पेट्रोल गाडीत टर्बोकडे येणारा धूर पूर्ण भारावर ९०० अंशांच्या पुढे जातो. इंजिन गार ठेवायला मूळ मॅप अशा वेळी जरुरीपेक्षा जास्त पेट्रोल सोडतो. पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते. आकडा वाढवायला काहीजण हे जादा पेट्रोल कमी करतात. मग एक्झॉस्ट वॉल्व्ह, टर्बोचं आवरण, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे सगळे ती उष्णता सोसतात. टर्बोच्या लोखंडी आवरणाला वेस्टगेटच्या (जादा धूर पंख्याला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेच्या) भोकापाशी तडे जातात.

मोठी धाव झाल्यावर लगेच इंजिन बंद केलं, तर टर्बोत थांबलेलं ऑइल भाजून त्याचा कोळसा होतो आणि बारीक वाटा बुजतात. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवावेत, थांबल्यावर मिनिटभर इंजिन सुरू ठेवावं. ऑइल बदलायचं अंतर निम्मं करावं. कंपनी १५,००० किलोमीटर म्हणत असेल तर ७,५००. रिमॅपच्या खर्चात हे धरायला कोणी सांगत नाही.

सायलेन्सरमधून फटाके फोडणाऱ्या मॅपबद्दल एकच सांगायचं. तो आवाज म्हणजे टर्बोच्या पंख्यात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळणारं पेट्रोल आहे. ताकद शून्य वाढते.

## डिझेल आणि ‘बॉक्स’

डिझेलमध्ये ताकद मुख्यतः इंधन वाढवून येते. हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं की काळा धूर, धुराचं तापमान वर, आणि काजळी पकडणारा फिल्टर वेळेआधी चोंदतो. तो फिल्टर कापून काढणं हा ‘उपाय’ बहुतेक देशांत बेकायदा आहे आणि मागून येणाऱ्यांच्या फुप्फुसांवर अन्याय आहे तो वेगळाच. कमी आरपीएमला टॉर्कची भिंत डिझेलमध्ये आणखी उंच असते, त्यामुळे क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे झटके गिळणारं दोन तुकड्यांचं चाक) सगळ्यात आधी बोलायला लागतात. गाडी उभी असताना क्लच सोडला की खडखड येते ती बहुधा या फ्लायव्हीलचीच.

ईसीयूला हात न लावता सेन्सरच्या वायरीत जोडायचा बॉक्सही मिळतो. तो सेन्सरचा आकडा खोटा सांगतो. कॉमन रेलमध्ये (इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीत) १,६०० बार असताना ईसीयूला १,४५० कळवतो. ईसीयू बापडा दाब वाढवत नेतो. बॉक्स काढायला सोपा आहे हे खरं. पण ज्या आकड्यावर इंजिनाचं रक्षण अवलंबून आहे, तोच आकडा खोटा करून इंजिन सुरक्षित राहील असं म्हणणं धाडसाचं आहे. नीट केलेला रिमॅप कुठल्याही बॉक्सपेक्षा बरा.

## करायचंच ठरलं असेल तर

आधी इंजिन तंदुरुस्त आहे का ते बघायचं. सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आत किती दाब तयार करतो ते, मोजावं. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यात १० टक्क्यांहून जास्त फरक नको. सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून गळती मोजता येते. ती १० टक्क्यांच्या आत असेल तर छान, २० च्या वर असेल तर रिमॅप विसरा, इंजिनाची दुरुस्ती बघा. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या पाइपांत धूर सोडून गळती शोधावी. एखादा क्लॅम्प सैल असेल तर कमी पडलेलं बूस्ट भरून काढायला टर्बो जास्त फिरतो आणि जीव सोडतो.

प्लग नवे हवेत, बहुधा एक पायरी थंड. थंड प्लग म्हणजे स्वतःची उष्णता पटकन बाहेर टाकणारा. दाब वाढला की ठिणगीला फट ओलांडणं जड जातं, म्हणून ०.८ मिलिमीटरची फट ०.६ ते ०.७ वर आणतात. हे न केल्यास पूर्ण भारावर गाडी झटके देते आणि दोष ठिणगीला वीज पुरवणाऱ्या कॉइलवर जातो. मॅप ज्या ऑक्टेनसाठी लिहिलाय, तेच पेट्रोल कायम भरायचं. ९८ च्या मॅपवर ‘आज मिळालं नाही’ म्हणून ९१ भरलं, तर टाकी संपेपर्यंत पाय हलका ठेवायचा.

रिमॅपनंतर आलेखाचा कागद नको, लॉग मागा. लॉग म्हणजे धावत्या गाडीतल्या सेन्सरांची सेकंदागणिक नोंद. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० पासून लाल रेघेपर्यंत एक पूर्ण पिकअप घ्यायचा आणि तीन-चार रकाने वाचायचे. मागितलेलं बूस्ट १.३ आणि मिळालेलं १.३, तर ठीक. मागितलं १.३, मिळालं १.१ आणि वेस्टगेट पूर्ण बंद, तर गळती आहे किंवा टर्बोचा दम संपलाय. इंधनाचा मागितलेला दाब २०० बार आणि वरच्या आरपीएमला मिळतोय १६५, तर पंप पुरा पडत नाही. मिश्रणात पेट्रोल कमी पडणार. प्रत्येक सिलिंडरची ठिणगी किती मागे ढकलली जातेय तो रकाना सगळ्यात मोलाचा. अधूनमधून एखादा अंश चालतो. तिसऱ्या सिलिंडरला सलग चार-पाच अंश दिसत असतील तर मॅप नरम करायला सांगा. आत येणाऱ्या हवेचं तापमान बाहेरच्या हवेपेक्षा किती चढतंय तेही बघा. लागोपाठ तिसऱ्या पिकअपला ते ३० अंशांहून जास्त वर गेलं, तर आधी इंटरकूलर, मग ताकद. हे लॉग ज्या ऋतूत रिमॅप केला त्यात घेतले असतील, तर उन्हाळ्यात परत घ्या. मॅप गार हवेत लिहिलेला असेल तर खरी परीक्षा तेव्हाच होते.

## ‘सर्व्हिसला जाताना मूळ मॅप टाकून देऊ’

बऱ्याच ईसीयूंमध्ये सॉफ्टवेअर किती वेळा लिहिलं गेलं याची मोजणी असते. मूळ फाइल परत टाकली की मोजणी आणखी एकाने वाढते, कमी होत नाही. फोक्सवॅगन समूहात बदललेलं सॉफ्टवेअर आढळलं की गाडीच्या नोंदीला टीडी१ हा शेरा लागतो आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीवर गदा येते. विमा कंपनीला बदल न कळवणं हाही धोका आहे. अपघातानंतरच्या दाव्यात तो मुद्दा निघू शकतो. प्रदूषणाचे नियम देशागणिक वेगळे, पण धुरावर नियंत्रण ठेवणारा भाग किंवा त्याचं सॉफ्टवेअर बंद करणं बहुतेक देशांत बेकायदा आहे.

## जुनी टर्बो गाडी घेताना

विकणारा सांगेलच असं नाही. रिमॅप काढून टाकला असला तरी खुणा राहतात. ईसीयूच्या डब्याचे स्क्रू ओरखडलेले, झाकणाच्या कडेला नवा सिलिकॉनचा थर, म्हणजे कोणीतरी डबा उघडलाय. मूळपेक्षा एक पायरी थंड प्लग सापडले तर ते हौसेने घातलेले नसतात. सेन्सरच्या प्लास्टिक प्लगजवळ वायरींवर नवी टेप असेल, तर तिथे बॉक्स लावलेला होता. डाउनपाइपचे बोल्ट बाकीच्या गंजलेल्या बोल्टांत एकटेच चकाकत असतील, तर तो पाइप सोडवलाय. ऑइल भरायचं झाकण इंजिन सुरू असताना काढून बघा. भकाभक धूर येत असेल तर रिंगा गेल्या आहेत. आणि पैसे देण्याआधी कंपनीच्या स्कॅनरवर ईसीयूची ती मोजणी वाचून घ्या. कंपनीने दोनदा अपडेट केलेल्या गाडीची मोजणी नऊ निघाली, तर उरलेल्या सात वेळांबद्दल विकणाऱ्याला विचारायचं.